होडीचा पावसाळा

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पण कोकणातल्या होड्या काही सरकारी परिपत्रक वाचून वर येत नाहीत. मेच्या अखेरीस वारा फिरला, पाण्याचा रंग गढुळला, की माणसं गोळा होतात, वाळूवर ओंडके आडवे टाकतात आणि आरोळ्या ठोकत होडी वर ओढतात. तिला माडांच्या जवळ नेतात, पण नेमकी माडाखाली ठेवत नाहीत. पावसाळ्यात नारळ कधी पडेल ते सांगता येत नाही, आणि होडीला डोकं चुकवता येत नाही.

मग सुरू होते शाकारणी. मला या कामाची गंमत वाटते ती अशी, की जिचा जन्म पाण्यात गेला तिला पाणी लागू नये म्हणून अख्खं घर राबत असतं. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या तात्यांना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “खालच्या पाण्यार ती तरता. वरच्या पाण्यान बुडता.”

हिशेब केला तर ते शब्दशः खरं आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. होडीचं उघडं अंग दहा चौरस मीटर धरलं आणि दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला (कोकणात त्याची कोणी बातमीही करत नाही), तर होडीत हजार लिटर म्हणजे एक टन पाणी साचलं. शिवाय हे पाणी गोडं. खाऱ्या पाण्यात मुरलेलं लाकूड सहसा कुजत नाही. पावसाचं पाणी त्यातलं मीठ धुऊन नेतं आणि मागोमाग बुरशी येते. म्हणून होडी वर आली की नाळ, म्हणजे पुढचं टोक, जरा उंच ठेवतात आणि तळाचं बूच काढून घेतात, म्हणजे आत आलेलं पाणी निघून जावं. तात्यांच्या घरी ते बूच देव्हाऱ्यात असतं. नारळी पौर्णिमेनंतर बूच न लावता होडी लोटली, तर देवही काही करू शकणार नाही, म्हणून आधीच त्याच्या ताब्यात दिलेलं बरं.

खरी कला झापांची. माडाचं चुडत मधोमध उभं चिरायचं, पाण्यात भिजत घालायचं, मऊ झालं की पातीत पात घालून विणायचं. होडीवर नाळेपासून मागच्या टोकापर्यंत बांबूचं आढं घालतात, दोन्ही बाजूंना उतार काढतात आणि झापं खालून वर रचत जातात. वरच्या झापाचं पाणी खालच्या झापाच्या पाठीवर पडलं पाहिजे, पोटात नाही. वारा उचलून नेऊ नये म्हणून सगळ्यावर एक फाटकं जाळं टाकतात आणि सुंभाने आवळतात. मासे पकडून थकलेलं जाळं निवृत्तीनंतर झापं पकडून बसतं.

पण झापं विणणारे हात कमी झाले आणि निळी ताडपत्री आली. तीही परवडत नसेल तर फ्लेक्स आहेच. किनाऱ्यावरून फिरताना होडीवर आडवे पडलेले नेते दिसतात. हात जोडलेले, चेहऱ्यावर स्मित, बाजूला ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’, आणि नाकाच्या शेंड्यावरून पागोळी गळतेय. मतदारसंघातली एक तरी गळती त्यांनी जातीने थांबवली, एवढं मान्य करायला हवं. काही घरांत फ्लेक्स पालथा घालतात, पांढरी बाजू वर. त्याचं कारण राजकीय की तांत्रिक, हे मी विचारलेलं नाही.

प्लास्टिकचा एक मोठा दोष आहे, ते श्वास घेऊ देत नाही. तात्यांचा पुतण्या ताडपत्री चारी बाजूंनी गच्च आवळत होता. तात्या ओरडले, “अरे, ही व्हडी आसा, लोणच्याची बरणी न्हय! दादरो कित्याक बांधतंस? आतसून वारो खेळाक होयो.” गच्च बांधलं की आतली दमट हवा रात्री गार होते, ताडपत्रीला आतून घाम सुटतो आणि बाहेरचा पाऊस थांबला तरी आतला चालूच राहतो. ताडपत्री सैल सोडली तर दोन बांबूंच्या मध्ये झोळ पडतो, झोळात तळं साचतं, आणि एका रात्री तळ्यासकट बांबू खाली येतो. गच्च आणि सैल यांच्या मधली ती जागा पुतण्याला अजून सापडायची आहे.

स्वराज्याच्या आरमारालाही पावसाळी मुक्काम चुकला नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या छावणीबद्दल सूचना आहेत. मात्र आच्छादनाखाली कुत्री व्यायली तर काय करावं, यावर अमात्य गप्प आहेत. आणि ती व्यातेच. कोंबड्या अंडी घालतात, पोरं पत्ते कुटतात, एखादं फुरसंही येऊन राहतं. म्हणून श्रावणात झापं उचलताना आधी काठी आपटतात, मग हात घालतात. इंजिनाचं मात्र निराळं. ते जावयासारखं पडवीत, तेलपाणी करून, आजीच्या जुन्या लुगड्यात.

होडी पाण्यात गेली की झापं बंबात जातात, ताडपत्री लाकडांवर, नेते गुरांच्या गोठ्यावर. तात्यांना सध्या चिंता आहे ती पुढच्या पावसाळ्याची. यंदाच्या फ्लेक्सला उन्हाने भेगा पडल्यात आणि जवळपास निवडणूक नाही.