यापुढे सोलापुरात भूमिपूजनाला येणाऱ्या मान्यवरांस



आपण कोण असाल हे अजून ठरलेले नाही. मंत्री असाल, मुख्यमंत्री असाल, कदाचित त्याहूनही मोठे. पण आपण येणार हे नक्की आणि जे काही सुरू कराल ते आपल्या सर्वोच्च प्राधान्याचे असेल, हेही नक्की. म्हणून पत्र आधीच लिहून ठेवतो. पूर्वी मान्यवर पुणे रस्त्याने येत. ताफा आमच्या चिंचोळी एमआयडीसीवरून जायचा, आम्ही शेडच्या दारात उभे राहून गाड्या मोजायचो. आता आपण विमानाने थेट होटगी रोडच्या विमानतळावर उतराल. गाठ पडायची नाही.

माझा छोटा कारखाना आहे, गाड्यांचे सुटे भाग करतो. नवे सीएनसी मशीन घ्यायचे म्हटले की आमची बँक मशीनबद्दल सगळ्यात शेवटी बोलते. आधी विचारते, शेड कुणाच्या नावावर आहे? विजेचा लोड मंजूर आहे का? मार्जिन मनी, म्हणजे स्वतःचा वाटा, कुठून आणणार? माल घेणाऱ्याची ऑर्डर दाखवा. मशीन आल्यावर पूजा करा, पेढे वाटा, त्याला तिची हरकत नसते. पण कागद पुरे झाल्याशिवाय पैसा सोडत नाही. फार अरसिक संस्था आहे.

आपल्याकडे ही कटकट नाही, याचा हेवा वाटतो. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्ग बघा. 84 किलोमीटरचा. भूमिपूजन 9 जानेवारी 2019 रोजी खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते सोलापुरात झाले. खर्चाचा निम्मा वाटा राज्याने उचलायचा, या निर्णयाला 2022 चा शेवट उजाडला. म्हणजे आधी कोनशिला आणि जवळजवळ चार वर्षांनी मार्जिन मनी. माझ्या बँक मॅनेजरला हा क्रम सांगितला, तर त्याने पाणी मागवले.

विमानतळाचे तर विचारूच नका. बोरामणीला मोठा विमानतळ करायचा म्हणून शेकडो हेक्टर जमीन संपादित झाली. मग सुमारे 33 हेक्टर वनजमिनीपाशी आणि माळढोक पक्ष्यापाशी गाडी अडली. माळढोक नान्नजच्या अभयारण्यातला, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण प्रकल्पाच्या कागदांत तो जमीन घेऊन झाल्यावर उतरला. बोरामणी वेळेत झाले असते, तर सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी कुणाच्या वाटेत आली नसती. ते झाले नाही, म्हणून जुन्या होटगी रोडच्या धावपट्टीवर सगळ्यांचा डोळा, आणि तिच्या वाटेत चिमणी. गावात चिमणीवाले आणि विमानवाले असे दोन पक्ष पडले, मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. 15 जून 2023 रोजी चिमणी पाडली. 29 सप्टेंबर 2024 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यानंतरचे पहिले प्रवासी विमान उडाले 9 जून 2025 रोजी, गोव्याला. धंदेवाल्यांना हवी होती मुंबई. ती आणखी चार महिन्यांनी मिळाली. गोव्याबद्दल आमची तक्रार नाही, एवढी वर्षे वाट पाहिल्यावर माणसाला विश्रांती लागतेच.

चिमणीवाले चूक की विमानवाले, या वादात मला पडायचे नाही. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या कारखान्याची वीज आणि आमचे विमान, दोन्ही कामाचीच होती. प्रश्न एवढाच, की चिमणीची पहिली वीट लागली त्या दिवशी दोन्हींचे नकाशे एका टेबलावर का नव्हते?

आता पाणी. उजनी 1980 साली पूर्ण झाले, साठा 117 टीएमसीच्या आसपास. एवढे धरण जिल्ह्यात असताना सोलापूरकराच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. शहराची तहान भागवायला वर्षानुवर्षे भीमेत पाणी सोडायचे, ते नदीने औज बंधाऱ्यापर्यंत न्यायचे, टाकळीहून उचलायचे. वाटेत किती मुरते, किती उडते आणि किती पंप लावून उपसले जाते, हा हिशेब नदीकाठी कुणालाही विचारा. वर उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये. उपाय उघड होता, उजनीपासून आधीच्या जलवाहिनीला समांतर अशी दुसरी जलवाहिनी: सुमारे 110 किलोमीटर, रोज 170 दशलक्ष लिटर. 28 जानेवारी 2016 रोजी स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकावर आले, तेव्हा वाटले, आता हेच काम आधी. पण रंगभवनचा स्मार्ट रस्ता आधी झाला, पार्क स्टेडियम नवे झाले, जलवाहिनी मात्र पुढची कित्येक वर्षे रखडली. आणि ती शहराच्या वेशीपर्यंत आल्याने काम संपत नाही. पुढे शुद्धीकरण, टाक्या, गल्लीबोळांतली जुनी पाइपलाइन. ही कामे जमिनीखाली असतात. फीत कापायला तिथे सोयीची जागा मिळत नाही, ही त्यांची खरी अडचण.

हे एकट्या सोलापूरचे नाही, म्हणून आपण वाईट वाटून घेऊ नये. गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन राजीव गांधींनी 1988 साली केले, अंदाज 372 कोटींचा. तो पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. डेन्मार्कचे अभ्यासक बेंट फ्लूब्येर यांनी जगभरचे 16 हजारांवर प्रकल्प तपासले. वेळ आणि खर्च दोन्ही पाळणारे शंभरात नऊसुद्धा निघाले नाहीत. त्यांचा सल्ला, विचार सावकाश करा, काम झपाट्याने करा. आपल्याकडे भूमिपूजन झपाट्याने होते, विचार पुढे यथावकाश.

एखाद्या कामाला प्राधान्य दिले, की दुसऱ्या कुणाला तरी ‘तू थांब’ म्हणावे लागते. आपल्या भाषणांत हे वाक्य मी अजून ऐकलेले नाही. सगळेच पहिले असल्यामुळे थोडा थोडा निधी सगळ्यांना मिळतो आणि सगळेच अर्धवट उभे राहते. ऐंशी टक्के झालेल्या पुलावरून ऐंशी टक्के ट्रकही जात नाहीत.

तेव्हा विनंती अशी. येताना जमिनीचा ताबा घेतल्याची पावती, वनखात्याची परवानगी, वाट्याच्या निधीचा शासन निर्णय आणि पुढच्या टप्प्याचे मंजूर अंदाजपत्रक बरोबर आणावे. सोबत एक यादी हवी: या कामासाठी कोणती कामे थांबवली. यांतला एक जरी कागद नसेल तर कार्यक्रम पुढे ढकलावा. आम्ही रागावणार नाही.

आपला,
चिंचोळीतला एक लघुउद्योजक

ता. क. मंडपाला जागा कमी पडत असेल, तर बोरामणीला भरपूर आहे.