तडीपार मालकंसाचा अर्ज

श्रीयुत अंमलदारसाहेब, परवाना-दफ्तर, यांसी,

अर्जदार राग मालकंस, राहणार रात्रीचा तिसरा प्रहर, हल्ली मुक्काम नाशिक, याचा साष्टांग प्रणिपात विशेष.

अर्ज करण्यास कारण की, केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांन्वये रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्या जागी ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई झाल्यापासून, मध्यरात्रीनंतरच ज्याने तोंड उघडावे असा शास्त्राचा दंडक आहे तो मी, कोणताही गुन्हा शाबीत न होता, तडीपार झालो आहे. रिषभ आणि पंचम हे दोन स्वर मी जन्मतःच स्वखुशीने वर्ज्य केले होते. उरलेले पाच सरकारने वर्ज्य केले. सणा-उत्सवांसाठी वर्षातून पंधरा दिवसांपुरती रात्री दहाची मुदत बारापर्यंत वाढविण्याचा अखत्यार राज्य सरकारास आहे हे खरे. परंतु बाराचा ठोका पडतो तेव्हा मी नुकता कोठे तंबोरा जुळवून बसलेला असतो. माझे शेजारी राग ललित यांची अवस्था तर याहून शोचनीय, कारण ते उत्तररात्रीचे, आणि सरकारी पंचांगात सहा वाजेपर्यंत पहाट होतच नाही. १९५३ साली पुण्यात सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात आम्ही सर्वजण रात्रीच्या रात्री जागवीत असू. आता तेथेही घड्याळाकडे पाहत भैरवी गाठावी लागते.

तथापि शेजाऱ्यांविरुद्ध माझी यत्किंचित तक्रार नाही. उद्याच्या परीक्षेच्या धास्तीने पुस्तकावरच पेंगणारे पोर, औषधाच्या गोळीने कसाबसा डोळा लागलेले वृद्ध गृहस्थ, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीस हजर राहण्यासाठी झुंजूमुंजू होताच उठणारा कामगार, या सर्वांची झोप ही माझ्या तिसऱ्या प्रहराइतकीच जुनी मिरास आहे.

मी नतमस्तक होतो तो आपल्या दफ्तराच्या समदृष्टीपुढे. जो आयोजक आठ दिवस आधी अर्ज करतो, ना-हरकत दाखले गोळा करतो, शिक्क्यांवर शिक्के उमटवून घेतो, त्याच्या तबलजीस दहाला पाच मिनिटे कमी असताना हवालदारसाहेब मनगटावरचे घड्याळ दाखवितात, आणि ते योग्यच करतात. उलट ध्वनिक्षेपकांची भिंत वाहनावर चढवून जी वरात अर्जाविनाच गल्लीत शिरते, तिच्या बाबतीत दफ्तर तरी काय करणार? जिच्यापाशी परवानाच नाही, तिच्याकडून परवान्याच्या शर्तींचा भंग व्हावा कसा!

मोजमापाची बाबही आपल्या औदार्यास साजेशीच आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. पण हा हिशेब किराणा दुकानातल्या तागडीचा नव्हे, येथे दर दहा अंकांस ध्वनीची शक्ती दसपट होते, म्हणजे ४५ वरून १०५ वर गेलेला आवाज सुमारे सव्वादोनपट नसून दहा लक्षपट असतो. शिवाय कायद्याचे हे माप मानवी कानाच्या कलाने चालणारे असल्यामुळे खर्जातल्या ध्वनीस फार सूट देते. ६३ हर्ट्‌झच्या धडधडीस ती सुमारे २६ डेसिबलांची मिळते. सबब यंत्राच्या काट्यापेक्षा शेजाऱ्यांच्या मांडणीवरची भांडीच अधिक खरी साक्ष देतात.

गंगापूर रोडकडील लग्नसमारंभांची लॉन्स आणि त्यांना बिलगलेल्या इमारती यांच्यात आधी आले कोण, हाही वाद आहेच. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१४ साली तो एका वाक्यात मिटविला: जो मागाहून आला, त्याने आवाजाच्या बंदोबस्ताचा खर्च सोसावा. मागाहून आलेल्याने मात्र खर्च न सोसता केवळ अर्ज करावा, ही आपली परंपरा मला अधिक स्वस्त वाटते.

आणि आता एक कबुलीजबाब. ज्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात पंचवटीत रामनाम-आधाराश्रम स्थापिला, त्यांच्या पिढीच्या गवयांनी ध्वनिक्षेपकावाचून मैफली गाजविल्या. वाड्यांच्या रुंद भिंतींच्या आत माझा मध्यम ओसरीपलीकडे जात नसे, आणि जावा अशी कोणाची अपेक्षाही नसे. पुढे श्रोते वाढले, मांडव वाढले, आणि मी त्या उनाड ध्वनिक्षेपकास जामीन राहिलो. आता त्याच्या गुन्ह्यांची सजा मला भोगावी लागते, यात नवल ते कोणते?

सबब विनंती इतकीच, की परवाना कागदास न देता भिंतीस द्यावा. बंदिस्त सभागृहास नियमांनी रात्रीही मोकळीक ठेवलीच आहे. तेव्हा ज्या सभागृहातला आवाज शेजाऱ्याच्या उशापर्यंत पोहोचत नाही, त्यास मध्यरात्रीनंतरही गाऊ द्यावे, आणि ज्याचा पोहोचतो, त्यास दिवसाही थांबवावे. माप शेजाऱ्याच्या खिडकीत ठेवावे, आणि ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांची चौकशी प्रथम व्हावी.

हुकूम होईपर्यंत मी पंचवटीतल्या एका मागल्या खोलीत, एकच तंबोरा घेऊन, विनाध्वनिक्षेपक रुजू आहे. खिडकी लावून घेतली आहे. भिंतीपलीकडे एक तान्हे मूल निजले आहे. ते माझ्यामुळे जागे झाले, तर हा अर्ज रद्द समजावा.

आपला आज्ञाधारक,
मालकंस