व्हायरसकाका

प्रत्येक सोसायटीत टाकीचं पाणी बघणारा एक, पार्किंगमधल्या आडव्या गाड्यांचे नंबर टिपणारा एक आणि व्हायरसचा एक, असे तिघे सापडतातच. पहिल्या दोघांचा उपयोग होतो.

व्हायरसकाका बहुधा बँकेतून व्हीआरएस घेतलेले असतात. 2001 मध्ये हातात रक्कम आली, मुलगा न्यू जर्सीला गेला आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी कॉम्प्युटर आला. काकूंनी त्याला भरतकामाचं झाकण शिवलं. ते धूळ आणि व्हायरस दोन्हींवर चालतं, अशी काकांची समजूत. रात्री गॅस बंद केला की ते मोडेमची वायरही काढून ठेवत. (हे मात्र बरं होतं. फोनचं बिल वाचे.)

काकांचा नियम एकच: अनोळखी माणसाचा मेल उघडायचा नाही. नियम चांगलाच आहे. पण मेलमधल्या व्हायरसचा सगळा धंदा ओळखीवर चालतो, हे त्यांच्या गावी नसतं. मे 2000 मध्ये मनिलाहून निघालेला 'आय लव्ह यू' ज्याच्याकडे उघडला जाई, त्याच्या आउटलुकमधल्या झाडून सगळ्या पत्त्यांवर त्याच्याच नावाने जाई. म्हणजे प्रेमपत्र यायचं ते साडूकडून, नाहीतर ऑडिटमधल्या साहेबांकडून. सोबतच्या फाइलचं नाव टीएक्सटीवर संपल्यासारखं दिसे. त्यापुढचं खरं व्हीबीएस विंडोज लपवून ठेवी. उघडली की घरचे फोटो जात आणि त्यांच्या जागी व्हायरस बसे. काका हा इतिहास तोंडपाठ सांगतात आणि त्यातून निष्कर्ष काढतात, की प्रेमाबिमाचा मेल उघडू नये. मग साहेबांच्या नावाने 'महत्त्वाचं परिपत्रक' आलं तर? "साहेबांचं पत्र उघडायचं नाही? तीस वर्षं नोकरी केलीय मी!"

त्यांचा सुवर्णकाळ 2002 चा. एका मित्राचा मेल आला: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये जेडीबीजीएमजीआर नावाची फाइल शोधा, तिच्यावर करड्या टेडी बेअरचं चित्र असेल. हा व्हायरस चौदा दिवस गप्प बसतो, नॉर्टन-मॅकॅफीलाही सापडत नाही. ताबडतोब पुसा आणि सगळ्या ओळखीच्यांना कळवा. काकांनी शोधलं. अस्वल होतं!

ते असणारच होतं. ती मायक्रोसॉफ्टचीच फाइल, जावाच्या प्रोग्रामरांच्या कामाची, विंडोजबरोबरच यायची. तिला अस्वलाचं चित्र द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं, देव जाणे. व्हायरस मुळात नव्हताच. होता तो फक्त मेल, आणि पसरायला काकांसारखी माणसं.

काकांनी ए विंगपासून सुरुवात केली. चपला दाराबाहेर, काखेत वही. "स्टार्ट दाबा. सर्च. हं, आता नाव टाका... दिसलं? सांगत नव्हतो मी!" घरातली मंडळी खुर्चीमागे उभी. आजी लांबूनच नमस्कार करायच्या. काका चष्मा वर सरकवून अस्वल निवडत, श्वास रोखून डिलीट दाबत आणि मग रिसायकल बिनमध्ये डोकावून तिथूनही त्याला हाकलत. चहा व्हायचा. वहीत फ्लॅट नंबरपुढे नोंद व्हायची: '1 अस्वल'. ती फाइल गेल्याने घरच्या कॉम्प्युटरचं काहीच बिघडत नसे, त्यामुळे काकांना अपयश असं कधी आलंच नाही. पंधराव्या दिवशी ते पुन्हा बेल वाजवत. "झालं का काही? नाही ना!"

अँटिव्हायरसवरही त्यांची श्रद्धा आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या काटकर बंधूंनी पुण्यात क्विक हील उभं केलं, याचा त्यांना घरचं कार्य असल्यासारखा अभिमान. सीडी त्यांनी पावती घेऊन आणली. वर्ष संपल्यावर नूतनीकरण मात्र केलं नाही. रोज नवे व्हायरस येतात, त्यांची यादी अपडेट झाली नाही तर तो ओळखणार कसा, हे मुलाने फोनवरून समजावलं. काका म्हणाले, "देवीची लस आम्ही दरवर्षी टोचत होतो का?" मुलाने फोन त्याच्या बायकोकडे दिला.

आता सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. 'मार्टिनेली नावाचा व्हिडिओ उघडू नका, फोन हॅक होईल' हा संदेश ते वर्षातून दोनदा तरी टाकतात. असा व्हिडिओ अजून कुणी पाहिलेला नाही. तो आपल्यामुळेच टळला, असं काकांचं म्हणणं.

खरी भानगड मध्यंतरी आली, ती लग्नपत्रिकेच्या वेशात. पत्रिका म्हणून एपीके फाइल येते; ती बसवली की फोनवरचे मेसेज, ओटीपीसकट, परक्याच्या हाती लागतात. अशी पत्रिका काकांना जुन्या सहकाऱ्याच्या नंबरवरून आली. त्यांनी ती उघडली नाही. व्हायरसचा संशय आला म्हणून नव्हे. घरी येऊन अक्षत दिली नाही, साधा फोन नाही, त्या लग्नाची तारीख तरी कशाला बघायची? राग अनावर झाला तेव्हा त्यांनी ती फाइल आहे तशी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'हल्ली ही अशी बोलावणी येतात!'

ग्रुपवर लोक बरेच. लग्न कुणाचं, हे कळावं म्हणून बी विंगमधल्या तिघांनी ती उघडली.