आधी दुसऱ्याच्या रानात

नाना कोरोनाच्या लशीच्या विरोधात कधीच नव्हते. विरोध करणारा निदान एका बाजूला तरी असतो. नाना बांधावर असतात. सोयाबीनचं नवं वाण आलं की त्यांचं ठरलेलं वाक्य, "आधी दुसऱ्याच्या रानात उगवू द्या." असा एक नाना आमच्या जळकोटात गल्लीगणिक सापडेल. त्याला 'अडाणी' म्हणून मोकळं होण्याआधी 2020 चा खरीप आठवावा. त्या साली मराठवाडाभर सोयाबीनचं बियाणं उगवलं नाही, हजारोंनी तक्रारी झाल्या, कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. पिशवीवर शिक्के मात्र सगळे होते. आणि लगेच पुढच्या 16 जानेवारीला सरकारनं आणखी एक नवी वस्तू आणली. मग नानांनी काय करावं?

"आधी डॉक्टर लोकांला टोचू द्या."

डॉक्टरांना टोचलं. नाना दवाखान्यासमोरच्या टपरीवर ठाण मांडून बाहेर येणाऱ्याची हजेरी घेऊ लागले. ताप किती आला, दंड सुजला का, भाकरी किती खाल्ली. एवढी बारीक नोंद सरकारदरबारीही नसेल.

1 मार्चपासून साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली. आशाताई दारात.

"नाना, तुमचं वय बसतंय बघा."

"कुटलं? अठ्ठावन्नचा हाय मी."

"आणि श्रावणबाळच्या फॉर्मवर पासष्ट लिहून दिलंय ते?"

"ते पगारीचं वय हाय, ताई."

नानांची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली, 1 जून. साल कामाप्रमाणे मागंपुढं होतं. पण 1 एप्रिलला मर्यादा 45 वर आली, आणि तिच्याही खाली उतरणं नानांना जमेना.

मग नवा प्रश्न निघाला, कुठली घ्यायची? कोविशील्ड पुण्याची, कोव्हॅक्सिन हैदराबादची, आणि त्या दोन शहरांना जोडणारा महामार्ग आमच्या गावावरूनच जातो. "सोलापूरकडनं येणारी बरी का हैदराबादकडनं?" यावर टपरीवर खल झाला. दोन्हीकडच्या ट्रकवाल्यांची मतं घेतली गेली. त्यांनी टायरबद्दल जास्त सांगितलं.

तेवढ्यात दुसरी लाट आली. त्या दिवसांबद्दल हसण्यासारखं काही नाही. ओळखीची माणसं गेली. नाना मात्र भीतीनं हलले नाहीत. ते हलले दवाखान्यावर 'लस शिल्लक नाही' असा कागद चिकटला तेव्हा. युरिया असो की लस, संपली म्हणजे माल खरा! ज्या लशीला चार महिने हात लावला नाही तिच्यासाठी नाना पहाटे रांगेत चप्पल ठेवून येऊ लागले. पुण्याच्या पुतण्याला फोन गेला. त्यानं मोबाइलवर नंबर लावलाही, पण लातूर जिल्ह्यातल्या, उदगीरकडच्या जळकोटात. (तिकडंही एक जळकोट आहे, आणि ते तालुक्याचं, ही गोष्ट आम्ही सहसा बोलत नाही.) अखेर मे महिन्यात आपल्याच दवाखान्यात नानांचा नंबर लागला. सुई टोचताना त्यांनी डोळे असे गच्च मिटले की इतक्या महिन्यांच्या चौकशीमागचं खरं कारण माझ्या ध्यानात आलं.

जूनमध्ये नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे चिकटतात, असं टीव्हीवर आलं. लशीत लोहचुंबक नसतं, असा खुलासाही झाला. पण तो पोचेपर्यंत नाना सदरा काढून ओसरीत बसले होते. पळी लावली, पडली. आठाणे लावले, घामानं घडीभर टिकले. नानांचा चेहरा गंभीर झाला. मग उलथनं छातीवर दाबून धरलं तेव्हा आतून काकूंचा आवाज आला, "भाकरी करपायली, उलथनं द्या आधी."

दुसऱ्या डोसाची तारीख आली तेव्हा नानांचा नवा हिशेब तयार होता. पहिलीनं ताप आला म्हणजे ती लागू पडली. लागू पडलेल्या औषधावर परत औषध कशाला? शिवाय कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर सरकारनंच आधी 28 दिवस सांगितलं, मग सहा आठवडे, मग मे महिन्यात 84 दिवस. "वाढतंयच तर अजून वाढू द्या." या मुद्द्यावर त्यांना उत्तर देणं मलाही जड गेलं.

नोव्हेंबरात 'हर घर दस्तक' सुरू झालं, तशी नानांची वस्ती शेतात हलली. तेव्हा तुरी डोक्याला लागलेल्या. आशाताई बांधावरून हाका मारायच्या, तुरी हलायच्या, उत्तर यायचं नाही. एकदा ताईंनी हाका सोडून सरळ फोन लावला. तुरीत रिंग वाजली. नानांनी तो तिथूनच उचलला आणि म्हणाले, "सोलापूरला हाय मी."

आणि मग औरंगाबादहून बातमी आली, लस नाही तर पेट्रोल नाही, रेशन नाही. हुकूम पार बीडच्या पलीकडच्या त्या एका जिल्ह्यापुरता होता, आणि तिथंही एका डोसावर भागत होतं. म्हणजे नानांना काडीची अडचण नव्हती. पण जन्मभर चौकशी करणाऱ्या माणसानं या खेपेला चौकशीच केली नाही. सरळ पंपावर जाऊन टाकी गळ्यापर्यंत भरली, न जाणो, आणि त्याच गाडीवर दवाखाना गाठला.

सिस्टरनं वही उघडून वय विचारलं.

"कशासाठी लिहून घेताय त्यावर हाय," नाना म्हणाले.