पोरगं घरी, शाळा सरकारी

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणाशी. तिसऱ्या फळीला फट आहे तिथे या, म्हणजे ओरडायला नको. या सॅन रॅमॉनात घरं इतकी खेटून, की मी फोडणी घातली की शिंक तुमच्याकडे येते. पण दोन शब्द बोलायचे तर आधी टेक्स्ट करा!

तर ती कोपऱ्यावरची हो, नागपूरची, सांबारवडी झकास करते ती. तिनं गेल्या ऑगस्टात पोराला शाळेतून काढलं ना, त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला कुठे ठाऊक आहे? तुम्ही तेव्हा भारतात होतात. चांगला पाचवीत जाणारा मुलगा. ज्या शाळेसाठी लोक जन्माचं कर्ज डोक्यावर घेऊन इथे घरं घेतात, तीच शाळा. आणि भिशीत ही अगदी शांतपणे म्हणते, "आम्ही या वर्षी घरीच शिकवतोय." माझ्या हातातली पाणीपुरी तशीच राहिली, पुरी मऊ पडून पाणी कोपरापर्यंत. त्या पुण्याच्या मॅडम, ज्यांच्या लेकीचा जीपीए आपल्याला स्वतःच्या बीपीपेक्षा पाठ आहे, त्यांनी तर दुखवट्याला आल्यासारखा चेहरा केला. "अगं, मग कॉलेजचं काय गं?"

तिच्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा. त्यांनी थेट आपल्या मुलालाच गाठलं. "काहून रे, नोकरी गेली का तुझी?" त्यांना वाटलं, फी परवडेना म्हणून पोराला घरी बसवलं!

तर काय सांगत होते... हां. खरी गंमत तर पुढेच. कुणीतरी विचारलं, पुस्तकंबिस्तकं, खर्च? तर म्हणे, ते सरकार देतं. मॅडमचा चेहरा दुसऱ्यांदा पडला. फुकट शाळा सोडली हे एकवेळ गिळलं असतं हो, पण सोडून वर पैसे?

म्हणजे हातात नाही देत काही. इथे कॅलिफोर्नियात दोन तऱ्हा. एक, आपण ऑक्टोबरच्या 1 ते 15 तारखेत राज्याला अर्ज भरायचा की आमचं घर हीच खाजगी शाळा. मग तुम्हीच हेडमास्तर, तुम्हीच शिपाई, दमडी मिळत नाही. दुसरी, घरबसल्या शिकवणारी चार्टर शाळा. तिथे नाव घातलं की मूल कागदोपत्री सरकारी शाळेचंच, शिकतं मात्र तुमच्या डायनिंग टेबलावर. मुलामागे राज्याकडून शाळेला पैसे येतात, त्यातले अडीच-तीन हजार डॉलर, शाळेगणिक कमीजास्त, तुमच्या नावावर ठेवतात. तुम्ही मागायचं, शाळा बिल भरणार. आणि एक बाई नेमून दिलेली, सर्टिफिकेटवाली शिक्षिका. दर वीसेक शाळेच्या दिवसांनी ती वह्या तपासते, हजेरीवर आईची सही घेते, पोराच्या कामाचे नमुने नेते.

पहिल्यांदा आली तेव्हा सासूबाईंनी पोरासमोर थालीपीठ ठेवलेलं, आठ तुकडे केलेलं, त्यातले तीन खाऊन झालेले. बाईंनी चटकन फोटो काढला. अपूर्णांक! गेला तो फाइलमध्ये. सासूबाई आजतागायत सांगतात, माझं थालीपीठ सरकारदरबारी गेलं.

तबल्याचा क्लासही त्या पैशांत बसला. तबल्याचे मास्तर शाळेच्या यादीत आहेत ना, व्हेंडर म्हणतात त्यांना. मग हिनं हौसेनं श्लोकांच्या क्लासचं बिल पाठवलं. परत! सरकारी पैशात धर्माचं काही शिकवायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, तबला तरी कुणाचा, गणपतीचाच ना? आता त्या शिक्षिकेला हे कोण समजावणार.

आणि समोरची ती पाच मुलांची आई, चर्चवाली? ती पंधरा वर्षं घरी शिकवतेय, स्वतःच्या पैशानं. मला वाटलं दोघींचं जमेल. छे! ती म्हणाली, सरकारचे पैसे घेतलेत म्हणजे ते होमस्कूलच नव्हे. मेलं, इकडून शाळेवाले नाक मुरडणार, तिकडून बिनशाळेवाले!

पण तिचंही अगदीच खोटं नाही हं. पैसा आला की उंदीर येतातच. 2019 मध्ये सॅन डिएगोत ए-थ्री नावाच्या कंपनीचं प्रकरण झालं ना? खेळाच्या संघांतल्या पोरांची नावं परस्पर चार्टर शाळेत घातली, आईबापांना पत्ता नाही. अकरा जणांवर खटला, कोट्यवधी डॉलर लाटलेले. त्याच सुमाराला दुसऱ्या एका शाळेच्या पैशांतून डिस्नेलँडची तिकिटं घेता येतात म्हणून पेपरात बोंब झाली. मग 2020 पासून कितीतरी वर्षं अशा नव्या शाळांना परवानगीच बंद ठेवली. म्हणून तर आता वेटिंग लिस्ट.

आमच्या ह्यांना मात्र या घरच्या शिक्षणाचं भारी कौतुक. ते लगेच इव्हान ओडॉर्नीचं उदाहरण देतात. शेजारच्या डॅनव्हिलचा, आपल्याच सॅन रॅमॉनच्या व्हेंचर स्कूलमध्ये नाव, शिक्षण घरी. 2007 ची स्पेलिंग बी जिंकला, मग गणिताच्या ऑलिम्पियाडला सुवर्णपदकं. आणि मुंबईची ती मुलगी, दादरच्या शाळेतून आईनं सातवीच्या सुमाराला काढलेली, 2016 मध्ये एमआयटीत गेली. बारावी नाही म्हणून आयआयटीनं दार लावलं आणि एमआयटीनं उघडलं! मी म्हटलं, अहो, ती पोरं तशीच असतात. आपल्यांना मोजे सापडत नाहीत.

तर ते मायक्रोस्कोपचं... ते सांगायचंच राहिलं ना! ऑक्टोबरात शाळेनं चांगला जड मायक्रोस्कोप पाठवला. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढली, पुस्तकं मांडली, आणि सासूबाईंनी मायक्रोस्कोपलाही हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. पोरगं त्या फुलाचे परागकण बघत बसलं तासभर, जेवायला उठेना. मी तिथेच होते. खरं सांगू, त्या दिवशी मला वाटलं, चुकली नाही ही.

पण पोराला आता मित्र हवेत. ऑगस्टात मिडल स्कूलला जाणार म्हणतो. मॅडमनी ऐकताच, "मी म्हटलंच होतं!" हो, आणि तुम्हाला म्हणून सांगते, कुणाला बोलू नका, त्याच मॅडमनी धाकट्यासाठी हिच्याकडून गुपचूप शाळेची लिंक मागवून घेतलीये. वेटिंगमध्ये सत्तेचाळीसावा नंबर!

आता त्या चार्टर शाळेतून नाव काढायचं म्हणजे टिकाऊ वस्तू परत, मायक्रोस्कोपसुद्धा. तो त्यांचाच ना, तळाला बारकोड चिकटवलेला. काल संध्याकाळी झाडांना पाणी घालताना पाहिलं, सासूबाई पायरीवर बसून जुन्या टूथब्रशनं त्या बारकोडवरचं कुंकू घासत होत्या. आणि पोरगं शेजारी उकिडवं बसून म्हणत होतं, "आजी, राहू दे ना थोडं."