न्याहारीत्यागी

न्याहारी वर्ज्य करणारे गृहस्थ आपल्या समाजात व्रतस्थ पुरुषाच्या ऐटीने वावरत असतात. पोह्यांच्या बशीकडे पाठ फिरवून, "सकाळी आपल्याला काही लागत नाही," हे वाक्य ते इतक्या विरक्त स्वरात उच्चारतात, की ऐकणाऱ्या पाहुण्याला हातातला घास हा आपल्या अधःपतनाचा पुरावा वाटावा.

ही निरिच्छता फार तर दहा वाजेपर्यंत टिकते. दादरला गाडी बदलताना वड्याचा खमंग दरवळ येतो, तेव्हा ते निव्वळ चव पाहण्यासाठी एक घेतात. कचेरीत कुणाच्या बढतीचे पेढे आले आहेत, याची खबर साहेबांच्या शिपायाआधी त्यांना लागलेली असते. अकराच्या सुमारास शेजारच्या कारकुनाच्या खणातले खारे दाणे सरकारजमा होतात. आणि दुपारी डबा उघडेपर्यंत घरच्या पोळीभाजीविषयी त्यांचे अंतःकरण पूर्ण उदासीन, तर कँटीनमधल्या मिसळीविषयी कमालीचे हळवे झालेले असते. जठराग्नीची सकाळची थकबाकी अशी दिवसभर व्याजासह वसूल होत राहते, आणि मौज ही, की ही वसुली पोळीभाजीच्या रूपाने कधीच स्वीकारली जात नाही. तिला गोड तरी हवे किंवा तळलेले तरी.

आमच्या परिचयातील अशाच एका हेडक्लार्कांपुढे त्यांच्या कन्येने एकदा रीतसर पुरावा दाखल केला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या हीदर लायडी यांच्या संशोधनात, न्याहारी टाळणाऱ्या तरुणींना 350 कॅलरींची न्याहारी दिली असता त्यांची गोडाची आणि चमचमीताची, दोन्ही ओढी ओसरल्या होत्या. तीत 35 ग्रॅम प्रथिने असली, तर चमचमीताची ओढ आणखी मंदावण्याकडे कल होता. "म्हणून बाबा, उद्यापासून दोन अंडी आणि मुगाचे धिरडे!"

सारी हयात इतरांच्या अर्जांतील खोट हुडकण्यात गेलेल्या बाबांनी तत्काळ शेरा मारला, "प्रयोग 19 वर्षांच्या आसपासच्या मुलींवर झालेला दिसतो. सबब प्रस्तुत इसमास लागू नाही."

तथापि अंडी त्यांनी नामंजूर केली नाहीत. "चहासोबत किरकोळ" या सदराखाली ती रोज खर्ची पडतात. वड्याची वासनाही आता खरोखर क्षीण झाली आहे. परंतु ते कबूल करणे म्हणजे कन्येचा अर्ज मंजूर करण्यासारखे होईल, म्हणून ते दादरला अद्यापि थांबतात आणि केवळ तत्त्वासाठी, मोठ्या कष्टाने, एक वडा खातात.