काठावर पास : अर्थ आणि वापर

निसटत्या विजयाला बोलीत ‘काठावर पास’ म्हणतात. छापील बातमीत ‘निसटता विजय’ शोभतो. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या पानठेल्यावर ‘काठावर वाचला ना बाप्पा’ एवढं पुरतं. प्रयोग मूळचा शाळेतला. पास होण्यापुरते गुण पडले, वर काही नाही, की पोरगं काठावर.

हा काठ कुठे असावा, हे राज्य ठरवतं. मध्य प्रदेश मंडळाच्या दहावीत विषयाला ३३ गुण पुरतात, महाराष्ट्रात ३५ लागतात. म्हणजे ३४ गुणांवर सौंसरात पेढे वाटले जातात आणि सीमेपलीकडे सावनेरात कानाखाली आवाज निघतो. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टा मध्य प्रदेशातच राहिला, त्याचा एवढा लाभ तरी पदरात पडला.

निवडणुकीत या प्रयोगाचा नियम वेगळा. तो फक्त दुसऱ्याच्या विजयाला लावायचा. स्वतःचा विजय कितीही मतांचा असो, तो ‘जनतेचा कौल’. गुलाल तेवढाच, डीजेही तेवढाच. २०२३ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेची शाजापूरची जागा २८ मतांनी गेली, २०२४ मध्ये मुंबई वायव्य लोकसभेची ४८ मतांनी. २००८ मध्ये धारच्या विधानसभा जागेचा निकाल तर एका मताने लागला. गाव नावाला जागलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. अशा वेळी हरलेला ‘थोडक्यात गेलो’ म्हणतो आणि फेरमोजणी मागतो. हजारोंनी पडलेला मात्र आत्मचिंतन करतो, कारण ते फुकट असतं.

पांढुर्ण्यात काठ हा शब्द अक्षरशः घ्यावा लागतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरकडची लेकरं तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल मिरवत असताना, इथे जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्यावर सावरगाव उभं राहतं. नदीत पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. तो काढायला जो पाण्यात उतरेल, त्याच्यावर समोरून गोटे येतात. ही गोटमार. यात मताधिक्य नसतं. झेंडा हाती आला की गाव जिंकलं. कधी संध्याकाळी समेट होतो आणि झेंडा चंडीमातेला जातो, म्हणजे दोघेही काठावर पास. जखमींचा आकडा मात्र दरसाल शेकड्यांत असतो. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी दगडच पसंत केले.